एकतिसाव्या पानावरचं कोंबडीचं पाऊल

पुस्तकात पेन्सिलीने खुणा करणारा माणूस आणि दुसऱ्याच्या ताटात बोट घालणारा माणूस माझ्या लेखी सारखेच. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणाला वाटायला नको की मर्ना झेमान मुळात भली बाई आणि बिचारीच्या हातून चुकून काहीतरी झालं. भली वगैरे मी नाही. माझा राग कायम नाकावर असतो, आणि एकोणीस वर्षं या गावचं ग्रंथालय एकटीने सांभाळल्यावर तो खाली उतरायचं काही कारणही उरलेलं नाही.

सहाशे बारा वस्तीचं गाव आमचं. ग्रंथालय जुन्या बँकेच्या इमारतीत आहे, मुलांची पुस्तकं तिजोरीच्या खोलीत. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार उघडं. बाकीच्या दिवशी मी मागच्या दाराने आत येऊन शांतपणे कामं उरकते. माणसं नसली की ग्रंथालय फार छान चालतं.

गोष्ट सुरू झाली जानेवारीत. थंडी अशी की गाड्यासुद्धा सुरू व्हायला कुरकुर करत होत्या. मी रहस्यकथांची शेल्फं साफ करायला घेतली. आमच्याकडे पुस्तकं लेखकाच्या आडनावाप्रमाणे लावलेली असतात, म्हणून ए पासून सुरुवात केली. पहिलंच पुस्तक झटकलं, तर एकतिसाव्या पानावर, आकड्याच्या बरोबर खाली, पेन्सिलीने काढलेल्या तीन बारीक रेघा. कोंबडीचं पाऊल उमटावं तशा. दुसरं पुस्तक उघडलं, तिथेही तेच. तिसऱ्यात नव्हतं, चौथ्यात होतं. ए च्या एका शेल्फात सत्तावीस कोंबड्या चालून गेलेल्या! माझं डोकंच फिरलं.

"लाईल, हे बघ!" मी ओरडले.

लाईल म्हणजे आमच्या ग्रंथालय समितीचा अध्यक्ष. शाळेत माझ्या एक वर्ग पुढे होता. धान्याच्या कोठारावरून निवृत्त झाल्यापासून फुकट पेपर आणि फुकट कॉफीसाठी येऊन बसतो, आणि त्याला समितीचं काम म्हणतो.

त्याने चष्मा वर करून पान बघितलं. "कोंबडी आली असेल वाचायला."

"चेष्टा करू नकोस. कुणीतरी मुद्दाम करतंय हे."

"मर्ना, तीन रेघा आहेत गं. शिव्या नाही लिहिलेल्या."

"आज रेघा, उद्या शिव्या!"

त्याच दिवशी मी दारावर पाटी लावली. 'पुस्तकांत खुणा करणाऱ्याचं कार्ड कायमचं रद्द करण्यात येईल.' खाली माझी सही, आणि 'कायमचं'च्या खाली दोन रेघा. लाईल म्हणाला की शेरीफ घर रिकामं करायची नोटीस लावतो तीसुद्धा याहून प्रेमळ असते.

मग मी पुसायला बसले. रबराने कागद खरवडला जातो, म्हणून माझ्या आईची रीत काढली: शिळ्या पावाचा मऊ गर घ्यायचा, त्याचा गोळा करायचा आणि हलकेच फिरवायचा. खूण अशी जाते की होती का नव्हती कळू नये. ग्रंथालय बंद असायचं त्या दिवशी मी पाव घेऊन बसायचे. ए झालं, बी झालं, फेब्रुवारीत सी, डी. चोराला पकडायचं वेड लागलं होतं मला. जो माणूस पेन्सिल कानावर लावून यायचा, त्याच्याकडे मी असं बघायचे की तो पुस्तक न घेताच जायचा.

आता बातमीपत्राचं सांगते. आसपासच्या सहा काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, आमच्यासारखी सतरा चिमुकली ग्रंथालयं आहेत. त्यांचं एक मंडळ आहे, आणि मंडळाची बेथ-अ‍ॅन दर गुरुवारी सगळ्यांना ईमेलने बातमीपत्र पाठवते. कुणाचं छप्पर गळतंय, कुणाकडे जादा शेल्फं पडून आहेत, कुठली खेळांची पेटी कुणाला आठवडाभर उसनी मिळेल, असलं सगळं त्यात असतं. माझ्यासारख्या एकट्या बसणाऱ्या बायकांना तेवढाच शेजार. शेवटी एक कोपरा असतो, 'शेजारणीची युक्ती'. एप्रिलमध्ये तिथे माझी पावाची युक्ती छापून आली, नावासकट. दहाबारा जणींची उत्तरं आली. 'मर्ना, कमाल आहेस!' 'आजच सुरू केलं!' मी ते पान छापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. गर्व असावा पण लोकांना दिसू नये, असं आई म्हणायची.

त्याच सुमाराला टेटा अल्बिनाचं सुरू झालं.

अल्बिना कुबातला गावात सगळे टेटा म्हणतात. आमच्या चेक आजी-आजोबांचा शब्द, म्हणजे मावशी. शहाऐंशी वर्षांची बाई. डोक्याला मेलेल्या नवऱ्याची बियाणं कंपनीची टोपी, पिशवीत माझ्यासाठी डझनभर अंडी, कधी खसखशीच्या सारणाचे गोड पाव, कोलाचे. चाळीस वर्षं आठवड्याला चार रहस्यकथा नेते आणि आणते. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

एका मंगळवारी तिने एक पुस्तक काउंटरवर ठेवलं. "मर्ना, हे मी वाचलंय गं."

"मग नेलंस कशाला?"

"तेच तर कळत नाही," ती म्हणाली आणि हसली. मीही हसले.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मे महिन्यात चारातली दोन परत यायला लागली, अर्ध्यात कागदाचा कपटा घातलेली. जुलैत चारातली तीन. तिचं हसू कधी बंद झालं ते माझ्या लक्षातच आलं नाही. शेल्फापाशी मात्र फार वेळ उभी राहायची. पुस्तक काढायची, उघडायची, डोळ्यांजवळ नेऊन काहीतरी बघायची, मिटायची, ठेवायची, पुन्हा तेच काढायची. मला वाटलं, अक्षर दिसत नसेल. मी आपली इथूनच ओरडले, "टेटा, मोठ्या अक्षरांची पुस्तकं तिकडे खिडकीपाशी आहेत!" ती अशी दचकली की पुस्तकच हातातून पडलं. मला काही समजेना. मोठ्या अक्षरांत घाबरण्यासारखं काय असतं?

ऑगस्टमध्ये तिने चारही परत आणली. "सगळी वाचलेली आहेत, मर्ना. ऐंशी-नव्वद पानं वाचल्यावर कळतं. माझं डोकं गेलं बघ."

आणि मी काय म्हणावं? "वय झालं की होतं असं, टेटा." तोंडाने म्हटलं ते म्हटलंच, वर हातानेही केलं. त्या आठवड्याच्या बातमीपत्रात बेथ-अ‍ॅनने कळवलं होतं की विसराळू माणसांसाठी स्मृती-पेट्या उसन्या मिळतील: मोठाल्या चित्रांचे पत्ते, सोळा तुकड्यांचं कोडं, आणि घरच्यांसाठी माहितीपत्रक. मी एक मागवली आणि टेटाच्या हातात दिली. वाटलं, काय पुण्याचं काम केलं! तिने झाकण उघडलं, गाईच्या चित्राचा एक तुकडा उचलून बघितला, परत ठेवला आणि पेटी काखेत मारून गुपचूप निघून गेली. त्यानंतर अंडी आली नाहीत.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी तिची मुलगी आली, जोलीन. तीन तासांवरच्या गावात शाळेत शिकवते. हातात आईची पुस्तकांची पिशवी आणि वर ती स्मृती-पेटी.

"ही शेवटची पुस्तकं, मर्ना. आई शनिवारी येतेय माझ्याकडे. म्हणजे माझ्या घरी नाही, तिथल्या वृद्धाश्रमात."

"तू नेतेयस तिला?" माझा आवाज चढलाच.

"मी नाही गं! मी तर नको नकोच म्हणत होते. तिनेच फोन करून सांगितलं. म्हणाली, मला माझ्या डोक्याचा भरवसा उरला नाही, उद्या गॅस चालू ठेवून बाहेर जाईन. घर विकायचं म्हणते. कोंबड्यासुद्धा शेजारच्या डुएनला देऊन टाकल्या." तिचे डोळे भरले होते. "तू तिला दर आठवड्याला बघतेस. खरंच इतकं झालंय का? ती तीच तीच पुस्तकं नेते का?"

"कोण काय नेतं ते मी सांगत नाही."

"मी मुलगी आहे तिची."

"म्हणून तर नाहीच."

हे आमचं व्रत आहे. कुणी काय वाचलं ते आम्ही ठेवत नाही आणि सांगत नाही. जुन्या पद्धतीत पुस्तकाच्या खिशातल्या कार्डावर वाचणाऱ्याची सही असायची. ती सगळी कार्डं मी स्वतः जाळली. आणि आता कॉम्प्युटर पुस्तक परत आलं की नाव विसरतो. चांगलंच आहे ते. पण जोलीन पाठ वळवून गेली तेव्हा मला माझंच बोलणं कडू लागलं. टेटा जाणार? कोंबड्या देऊन टाकल्या? कालपरवापर्यंत बर्फातून चालत येणारी बाई! काहीतरी जुळत नव्हतं, आणि काय ते कळत नव्हतं.

मी पिशवी उपडी केली. पहिलं पुस्तक बी चं. सवयीने एकतिसावं पान उघडलं, आणि तिथे ताजं, काळंभोर कोंबडीचं पाऊल!

"सापडली!" मी अशी किंचाळले की लाईलची कॉफी पेपरवर सांडली.

"कोण?"

"चोर! हे पुस्तक मी जानेवारीत साफ केलंय, स्वतःच्या हाताने. आणि आता हे परत... लाईल, टेटा आहे ती! काखेत कळसा आणि गावाला वळसा. आठ महिने मी पोरांच्या दप्तरांकडे बघत बसले!"

"टेटा?" लाईल म्हणाला. "टेटा कशाला करेल?"

ते मला तरी कुठे माहीत होतं? बाकीची पुस्तकं उघडली. एक ए चं, एक सी चं, एक एच चं. तिन्हींत अर्ध्यावर कपटा, कपट्यावर थरथरत्या अक्षरात 'वाचलंय'. एकतिसावं पान मात्र स्वच्छ. माझ्या पावाने केलेलं, लख्ख.

लाईलने पेपर बाजूला ठेवला. तो गंभीर झाला की जरा मूर्ख दिसतो, पण त्या दिवशी नाही दिसला. "मर्ना, तू पुसत पुसत कुठपर्यंत आलीस?"

"एम."

"आणि एमच्या पुढे?"

"तिथे अजून पोचले नाही."

आम्ही दोघंही उठलो. एन, पी, आर, एस. एक उघड, दुसरं उघड. कोंबडीचं पाऊल. कोंबडीचं पाऊल. जुनं, पुसट, वर्षानुवर्षांचं. मी तिथेच खाली जमिनीवर बसले, कारण मला आठवायला लागलं होतं. टेटाने 'वाचलंय' म्हणून परत आणलेलं एकूण एक पुस्तक डोळ्यांसमोर आलं. ए, सी, जी, एच, के. एमच्या पुढचं एकही नव्हतं. एकही.

"म्हणजे ती खूण म्हणजे..." लाईल म्हणाला.

"वाचलेल्याची," मी म्हटलं. "आणि मी तिला कोडं दिलं रे. गाईचं. सोळा तुकड्यांचं."

शुक्रवारी ग्रंथालय बंद असतं. एस ची दोन पुस्तकं पुराव्याला घेऊन मी टेटाच्या घरी गेले. स्वयंपाकघरात खोकी रचलेली, भिंतीवर घड्याळाच्या जागी पांढरा गोल डाग. खिडकीतून खुराडं दिसत होतं, दार उघडं टाकलेलं. जोलीन कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. टेटा टोपी घालून टेबलाशी बसली होती, पाहुण्यासारखी, स्वतःच्याच घरात.

"जोलीन, तू जरा बाहेर जा," मी म्हटलं. "हे टेटाचं आणि माझं आहे."

"राहू दे तिला," टेटा म्हणाली. "आता माझं सगळं तिलाच बघायचंय."

"टेटा, पान एकतीस," मी म्हटलं.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मान खाली घालून म्हणाली, "मला माहीत होतं तू एक दिवस येणार. कार्ड त्या ड्रॉवरमध्ये आहे. घेऊन जा. जोलीन, दे तिला."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग कळलं, आणि असं वाटलं की धरणीने पोटात घ्यावं. तिला वाटलं, मी तिचं कार्ड रद्द करायला आले! घर चाललंय, कोंबड्या गेल्या, डोकं गेलं असं वाटतंय, आणि अशा बाईकडे मर्ना झेमान कार्ड जप्त करायला येऊ शकते, हे तिला अगदी खरं वाटलं. का वाटू नये?

"टेटा, तुझ्या खुणा मी पुसल्या. जानेवारीपासून. ए पासून एमपर्यंत सगळ्या."

"पुसल्या? कशाने?"

"पावाने."

"पावाने," ती म्हणाली. जोलीनच्या हातातली बशी तशीच राहिली. घड्याळ नसलेल्या भिंतीकडे बघत टेटाने टोपी सारखी केली. मग हळू विचारलं, "म्हणजे मी त्यांत खुणा केल्या होत्या?"

"हो."

"प्रत्येक पुस्तकात?"

"वाचलेल्या प्रत्येक. हे बघ, पुढच्यांत आहेत अजून." मी एस ची पुस्तकं उघडून समोर धरली. तिने बोटाने ती खूण चाचपली.

"खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवताना आई त्यांवर पेन्सिलीने खूण करायची," ती म्हणाली. "नाहीतर दुसऱ्या दिवशी ताजं कुठलं आणि उबवायचं कुठलं कळणार कसं? मी पुस्तकांचं तेच केलं. एकतीस तारखेला लग्न झालं म्हणून एकतीस. चाळीस वर्षं. यावर्षी बघते तर खूण नाही, म्हणून घरी आणते. नव्वद पानं वाचते आणि कळतं, अगं, हे तर झालंय! वाटलं, खूण करायला विसरले. मग बघते तर काहींत आहे, काहींत नाही. मग वाटलं, वाचलेल्या प्रत्येकात मी खूण करत होते हेच मला भासलं असेल. जी बाई चाळीस वर्षांचं भासवून घेते, तिने एकटं राहू नये, मर्ना."

"मला विचारायचं ना, टेटा!"

"तुला?" तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "दारावर ती पाटी लावलीस. 'कायमचं'. खाली दोन रेघा. तुला विचारू?"

मला रडू फुटलं. मी रडत नाही सहसा, त्यामुळे नीट जमतही नाही, नुसता आवाज येतो.

जोलीन शेवटी शिक्षिकाच. तिने एक पुस्तक उचललं. "आई, हे वाचलंयस?"

"खूण आहे का?"

"आहे."

"मग वाचलंय."

"काय आहे यात?"

"मला काय माहीत!"

"म्हणजे तुला आठवत नाही," जोलीन हळूच म्हणाली.

"अगं, पन्नासाव्या वर्षी तरी कुठे आठवत होतं?" टेटा उसळली. "एक माणूस मरतो, सगळे मेव्हण्यावर संशय घेतात, आणि शेवटी डॉक्टर निघतो. हजार पुस्तकं आहेत असली! लक्षात राहिलं असतं तर खुणा कशाला केल्या असत्या?"

जोलीनने शेवटची पानं चाळली. "डॉक्टरच आहे," ती म्हणाली, आणि खोक्यावर बसून हसायला लागली. मग डोळे पुसायला लागली. मला काहीच कळेना. हे टेटाचं डोकं शाबूत असल्याचा पुरावा होता की नसल्याचा? जोलीनलाही कळलं नसावं. ती आईकडे बघत होती, आई माझ्याकडे.

"रडणं बंद कर, मर्ना. वेळ जातो," टेटा म्हणाली. "आणि आता जा तू. मला राग यायचाय, आणि तो तुझ्यासमोर धड येत नाहीये."

"आणि उद्याची सामानाची गाडी?"

"नऊला येणार आहे. बघू."

शनिवारी साडेदहाला सामान हलवणाऱ्यांचा ट्रक मुख्य रस्त्याने आला आणि महामार्गाकडे गेला. मागचं दार बंद. लाईल आणि मी खिडकीला नाक लावून उभे.

"रिकामा आहे," लाईल म्हणाला. "उडत चाललाय बघ."

"भरलेला आहे. केवढा आवाज करतोय."

"रिकामाच जास्त आवाज करतो."

"तुला कोठारातलं कळतं, ट्रकांतलं नाही."

फोन करायची माझी छाती झाली नाही. दिवसभरात मी दारावरची पाटी काढली, कपाटाच्या आतलं पान फाडलं, आणि एका मुलाला पुस्तक देताना त्याच्याकडे बघून हसले. तो घाबरून आईकडे पळाला.

सोमवारी मी बेथ-अ‍ॅनला लिहिलं. 'एप्रिलमधली माझी युक्ती कुणी वापरत असाल तर आत्ताच्या आत्ता थांबा. त्या खुणा म्हणजे घाण नव्हे. आपल्या म्हाताऱ्या वाचकांनी स्वतःसाठी ठेवलेली ती आठवण आहे. मी एका बाईची अर्धी पुसली आणि ती स्वतःला वेडी समजायला लागली. चूक माझी आहे. मर्ना झेमान.' बेथ-अ‍ॅनने गुरुवारची वाट न बघता ते लगेच सगळ्यांना पाठवलं.

मंगळवारी दहाला दार उघडून बसले, तर नऊ उत्तरं आली होती. कुणी हसलं होतं, कुणी 'अगं बाई!' म्हटलं होतं. एकीने कळवलं होतं की तिच्याकडचा खूण करणारा तिचा स्वतःचा नवरा निघाला. नववं उत्तर मेपल बेंडच्या ग्रंथालयातल्या नोराचं होतं. तिच्याकडे पन्नासाव्या पानावर बारीक वर्तुळ असायचं. माझी युक्ती वाचून तिने जूनपर्यंत झाडून सगळी वर्तुळं पुसली. तो वाचक कोण होता ते तिला आता कळलं होतं. तो ऑगस्टमध्ये वृद्धाश्रमात गेला, आपणहून, 'डोकं चालत नाही' म्हणून. आता पुस्तकाला हात लावत नाही. खाली लिहिलं होतं, 'मर्ना, मी काय करू?'

मी त्या ओळीकडे बघत बसले होते. दाराची घंटा वाजली तरी मान वर केली नाही.

"डुएन मेला दोन कोंबड्या द्यायला तयार नाही," आवाज आला. "म्हणतो, त्याच्या झाल्या. आठच परत मिळाल्या."

टोपी, पिशवी, सगळं होतं. टेटा! मी उठले तर तिने हात वर करून मला बसवलं. माझ्याकडे न बघता ती ए च्या शेल्फापाशी गेली, एक पुस्तक काढलं, काउंटरवर आणलं आणि माझ्यासमोर एकतिसावं पान उघडलं. काउंटरला दोरीने बांधलेलं माझं पेन उचललं. पेन्सिल नव्हे, पेन. शाईचं. आकड्याखाली तीन रेघा काढल्या, ठसठशीत, मागच्या पानावर उमटतील अशा.

"पुसून दाखव," ती म्हणाली.

एकोणीस वर्षांत माझ्यादेखत असं कुणी केलं नव्हतं. "टेटा, हे तू अजून वाचलंही नाहीस," मी कशीबशी म्हणाले.

"वाचलंय. शनिवारी आठवलं. डॉक्टरच आहे यातही."

मी पुस्तक मिटलं आणि तारखेचा शिक्का मारला, कशासाठी कुणास ठाऊक. कोपऱ्यातून लाईल पेपरच्या आडून बघत होता.

टेटाने माझा चेहरा बघितला. "आता काय झालं?"

सांगावं की नाही? पण कुणी काय वाचलं हा प्रश्न नव्हता इथे. मी नाव आणि गाव गाळून नोराचं पत्र तिला वाचून दाखवलं. ऐकता ऐकता तिने टोपी काढून काउंटरवर ठेवली. तिचे पांढरे केस चपटे बसले होते.

"उत्तर दिलंस?"

"काय देऊ? सुचत नाहीये मला. आमच्याकडे कुणी काय वाचलं याची नोंदच नसते गं. तिने काय परत लिहावं, कुठल्या पुस्तकात?"

"लिही, मी सांगते," टेटा म्हणाली आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. "तिला म्हणावं, आजच जा. फुलं नेऊ नकोस, पुस्तकं ने. आणि पेन ने, शाईचं."

मी टाईप केलं. "पुढे?"

"पुढे म्हणावं, तुझं डोकं शाबूत होतं, चुकलं माझं, एवढंच त्याला सांग. आणि तिथे जाऊन रडत बसू नकोस. माणूस ऑगस्टपासून थांबलाय."